खाडीचे पाणी तपासता, मग चिखल का नाही?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कोकणातील एखाद्या खाडीत मेलेले मासे तरंगू लागले की आपल्या दैनिकात, आणि इतर दैनिकांतही, बातमी येते. छायाचित्र येते, मच्छीमार संतापल्याचे कळते, अधिकाऱ्यांनी ‘पाण्याचे नमुने तपासणीसाठी घेतले’ असे शेवटच्या ओळीत वाचायला मिळते आणि तिथे बातमी संपते. त्या नमुन्यांचे पुढे काय झाले हे सहसा छापून येत नाही. पण माझी तक्रार ती नाही. माझी तक्रार ‘पाण्याचे’ या एका शब्दाबद्दल आहे. कराडमध्ये चौतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो आहे. पारा, शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त, क्रोमियम अशा जड धातूंच्या बाबतीत केवळ पाण्याचा नमुना घेणे म्हणजे वाण्याकडे माल किती आहे हे पाहायला जाऊन गोदामाचे कुलूप न काढता तराजूच्या पारड्यात राहिलेले दाणे मोजण्यासारखे आहे. खाडीचे गोदाम म्हणजे तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, मुळांखालचा काळा चिखल. मासे एका रात्रीत मरतात ते बहुतेक वेळा पाण्यातला प्राणवायू संपल्यामुळे किंवा एखादे तीव्र रसायन आल्यामुळे. धातू असे घाईने काम करत नाहीत, म्हणून त्यांची बातमीही होत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या माणसाने खाडीच्या चिखलाबद्दल का लिहावे, असा प्रश्न आपल्या वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आमच्याच डोंगरावर आहे. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात ज्या पाच नद्यांची नावे भाविक घेतात त्यांपैकी कृष्णा, वेण्णा आणि कोयना आमच्याकडे उतरतात, पण सावित्री पश्चिमेचा कडा उतरून पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला जाते, आणि महाडला तिच्या काठी रासायनिक कारखान्यांची मोठी औद्योगिक वसाहत आहे. कोयनेचे तर आपण माणसांनी दोन भाग केले आहेत. निसर्गाच्या हिशेबाने जे पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जायचे, त्यातले पुष्कळसे शिवसागर जलाशयातून सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांनी पोफळीला उतरते, वीज करून झाल्यावर कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत जाते आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेच्या विजेसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असे पश्चिमेकडे वळवायला मान्यता दिलेली आहे. त्या पाण्यावर इकडे पाटणपासून सांगलीपर्यंत वाद होतात, आकडे तोंडपाठ असतात, पण ते घाटाखाली उतरल्यानंतर त्याचे काय होते याची चौकशी आमच्याकडे कोणी करत नाही. मी करू लागलो तो केवळ योगायोगाने, कारण माझी धाकटी बहीण चिपळूणच्या खालच्या अंगाला, खाडीकाठच्या एका गावात दिली आहे आणि कुंभार्ली घाट उतरून वर्षातून दोनदा तरी माझे तिकडे जाणे होते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी गेलो असताना ती शेजारणींबरोबर ओहोटीला मुळे आणि तिसऱ्या (हे खाण्याचे शिंपले) काढायला निघाली होती, म्हणून मीही लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून मागे गेलो. तिवरांच्या रांगेजवळ वरचा चिखल तपकिरी, पेन्सिलीएवढी उभी श्वसनमुळे त्यातून वर आलेली, मध्ये निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारत असलेल्या. हात मनगटापर्यंत आत घातला की खालचा थर काजळासारखा काळा निघे आणि कुजक्या अंड्याचा वास येई. शाळेच्या प्रयोगशाळेत किपच्या उपकरणातून जो वायू आम्ही काढत असू तोच हा हायड्रोजन सल्फाइड. परत आल्यावर बहिणीने पाय धुतले आणि म्हणाली, “दादा, ही जोडवी बघ, पंधरा दिवसांपूर्वी रांगोळीने घासली होती.” जोडवी काळीठिक्कर पडली होती. तिकडच्या बायकांना ते नवे नाही. चिखलात जाताना काहीजणी जोडवी काढून ठेवतात, काहीजणी तशाच जातात. चांदीवर बसलेला तो काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, हे मी इयत्ता बारावीला शेकडो वेळा सांगितले असेल, पण कांदळवन, म्हणजे ही खारफुटी, धातू कसे साठवते याचा इतका सोपा पुरावा कोणाच्या पायाच्या बोटात असेल असे वाटले नव्हते.

चांदीला जे होते तेच शिशाला, कॅडमियमला, पाऱ्याला, तांब्याला, जस्ताला होते. भरतीबरोबर येणाऱ्या समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुबलक असते. चिखलात प्राणवायू नसल्यामुळे तिथले जिवाणू श्वसनासाठी ते सल्फेट वापरतात आणि त्याचे सल्फाइड करतात. सल्फाइडची आणि या धातूंची गाठ पडली की पाण्यात जवळजवळ न विरघळणारी संयुगे तयार होऊन धातू तिथेच अडकतो. पण तो तिथवर येतो कसा, हेही पाहिले पाहिजे. गढूळ पाण्याच्या हंड्यात आपण तुरटी फिरवतो तेव्हा मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. नदीचे गोडे पाणी खाडीच्या खाऱ्या पाण्याला भेटते तिथे मीठ तेच तुरटीचे काम करते. चिकणमातीच्या कणांवर, त्यांच्यावरच्या लोहाच्या गंजासारख्या लेपावर आणि कुजलेल्या पाल्याच्या अंशावर धातू आधीच चिकटून आलेले असतात, ते कणांबरोबर खाली बसतात. त्यात तिवर, चिपी आणि कांदळ यांची मुळे पाण्याचा वेग मोडतात, त्यामुळे जो गाळ मोकळ्या प्रवाहात पुढे समुद्राला गेला असता तो या झाडांच्या पायाशी थांबतो. झाड स्वतः फारसे धातू पानांपर्यंत जाऊ देत नाही, बरेचसे मुळांतच अडवते. मुळांतून पाझरणाऱ्या प्राणवायूमुळे त्यांच्याभोवती तांबूस गंजाचे जे नळकांडे बसते तेही धातूंना धरून ठेवते. चिखलातले एखादे बारीक मूळ उपटून पाहिले तर ते नळकांडे नुसत्या डोळ्यांना दिसते.

याचा अर्थ असा की कांदळवन आपले काम चोख करत असेल तर खाडीचे पाणी तपासणीत निर्दोष ठरण्याचीच शक्यता जास्त. वाशिष्ठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि सातारकर म्हणून ती मला अस्वस्थ करते. कोकणातल्या इतर नद्या मार्च-एप्रिलमध्ये आटून डोहांपुरत्या उरतात तेव्हा वाशिष्ठी वाहती असते, ती कोयनेच्या अवजलामुळे, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेल्या पाण्यामुळे. खेड तालुक्यातल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी करंबवणे खाडीकडे नेऊन सोडले जाते, आणि खाडीकाठचे मच्छीमार त्याविरुद्ध अनेक वर्षे तक्रारी करत आले आहेत. त्या तक्रारी किती खऱ्या, किती नाहीत, याचा निवाडा मी इथे बसून करू शकत नाही. मात्र वरून अखंड येणारे गोडे पाणी आणि खालून दिवसातून दोनदा येणारी भरती यांच्यामध्ये बाटली बुडवून काढलेला नमुना कोणत्या क्षणी घेतला यावर त्याचा निकाल ठरतो. उधाणाच्या भरतीला घेतलेला आणि भांगाच्या (कमी जोराच्या) ओहोटीला घेतलेला, हे दोन नमुने एकाच जागेचे असून दोन वेगळ्या खाड्यांचे वाटतील. चिखल असा तासातासाला बदलत नाही. त्यात वर्षानुवर्षांचे थर एकावर एक बसलेले असतात आणि धातूचे विघटन होत नसल्यामुळे वीस वर्षांपूर्वी आलेला पारा आजही पाराच असतो.

आता ज्या मुद्द्यावर माझे मत दोन्ही बाजूंना आवडणार नाही त्याकडे येतो. गाळाच्या तपासणीची मागणी कोणी केली आणि आकडे आलेच, तर त्यांचा अर्थ लावताना मोठा घोळ होतो. आमचा सह्याद्री बसाल्टचा आहे आणि दख्खनच्या बसाल्टमध्ये मुळातच तांबे किलोमागे साधारण १०० ते २०० मिलिग्रॅमच्या घरात असते. जगभरच्या शेल खडकाची (चिकण गाळापासून बनलेल्या दगडाची) जी सरासरी संशोधक तुलनेसाठी वापरतात तिच्यात तांबे ४५ मिलिग्रॅम आहे. गाळाबाबत अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शक आकड्यांमध्ये ज्याच्या खाली जलचरांवर परिणाम क्वचित दिसतो ती पातळी तांब्यासाठी ३४ मिलिग्रॅम धरली आहे. ही फूटपट्टी जशीच्या तशी लावली तर जिथे एकही कारखाना नाही, अशा कोकणातल्या निर्मळ खाडीचा चिखलसुद्धा विषारी ठरेल, कारण पावसाळ्यात घाटावरून उतरणारे तांबडे पाणी झिजलेला काळा दगड आणि जांभाच घेऊन येते. निकेल आणि क्रोमियमचेही असेच. त्यामुळे ‘आंतरराष्ट्रीय मर्यादेपेक्षा चौपट तांबे’ असा मथळा देणारे चुकतात. आणि ‘हे सगळे निसर्गतःच आहे’ असे म्हणून हात झटकणारे त्याहून जास्त चुकतात, कारण पारा, कॅडमियम आणि शिसे यांची सबब बसाल्टवर ढकलता येत नाही. बसाल्टमध्ये ते अगदी थोडे असतात. शेलच्या सरासरीतसुद्धा शिसे २०, कॅडमियम ०.३ आणि पारा ०.४ मिलिग्रॅम इतकेच आहे. खाडीच्या चिखलात हे तीन धातू वर चढलेले दिसले तर ते डोंगरातून आलेले नाहीत एवढे खात्रीने म्हणता येते. तांबे-जस्ताबद्दल बोलायचे तर त्या आकड्याला त्याच नमुन्यातल्या ॲल्युमिनियम किंवा लोहाच्या आकड्याने (डोंगराची माती किती आली याचे माप म्हणून) भागून, वरच्या खोऱ्यातल्या स्वच्छ मातीशी ताडून पाहिल्याशिवाय बोलू नये.

हे फार पुस्तकी वाटत असेल तर आमच्या सातारा-सांगलीच्या ऊसवाल्याला विचारावे. त्याच्या काळ्या रानात एकूण जस्त भरपूर असते, तरी माती परीक्षणाच्या कागदावर ‘जस्त कमी’ असे येते आणि त्याला पदरचे पैसे मोडून झिंक सल्फेट टाकावे लागते. कारण प्रयोगशाळा एकूण जस्त मोजतच नाही. डीटीपीए नावाच्या द्रावणात जेवढे सुटते तेवढेच मोजते आणि ते किलोमागे ०.६ मिलिग्रॅमच्या खाली गेले तर कमतरता धरते. दगडाच्या स्फटिकात बंद असलेले जस्त मुळाच्या उपयोगाचे नाही, कणावर नुसते चिकटलेले आहे ते उपयोगाचे. खाडीतल्या शिंपल्यालाही नेमका हाच नियम लागू आहे, फक्त उलट्या बाजूने: जे सहज सुटते तेच त्याच्या अंगात जाते. एका पिढीच्या शेतकऱ्यांना ‘एकूण’ आणि ‘उपलब्ध’ यांतला फरक समजावण्यात कृषी खात्याला यश आले आहे, मग खाडीच्या गाळाच्या अहवालात दोन्ही रकाने का नसावेत?

याच समजुतीने मी बहिणीकडून येताना बरणीभर चिखल घेऊन आलो आणि एका माती परीक्षण प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या अर्जात गावाचे नाव, गट क्रमांक आणि पीक असे रकाने होते. पिकाच्या रकान्यात मी ‘खारफुटी’ लिहिले. खिडकीवरच्या मुलाने ते दोनदा वाचले आणि अत्यंत सौजन्याने विचारले, “सर, ऊस लिहू का?” त्याचा दोष नाही, त्याच्यापुढे समुद्रावरून आलेला तो पहिलाच माणूस असावा. नमुना घेतला गेला नाही. घरी येऊन मी तो चिखल गच्चीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर वाळत घातला (आपल्याच दैनिकाचे होते, क्षमस्व) आणि त्यातून जे पाहायला मिळाले ते कदाचित परीक्षणाच्या कागदापेक्षा जास्त शिकवणारे होते. काजळासारखा काळा चिखल दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत करडा आणि मग तपकिरी झाला. वास गेला. ताज्या चिखलाने निळ्या लिटमसला काही केले नव्हते. महिनाभर तसाच ठेवून पुन्हा पाण्यात कालवला तेव्हा कागद लाल झाला. हवेतल्या प्राणवायूने सल्फाइडचे पुन्हा सल्फेट केले होते, थोडे सल्फ्युरिक आम्लही तयार झाले होते, आणि सल्फाइडच्या मुठीत असलेले धातू, जे काही असतील ते, मोकळे झाले होते.

माझ्या गच्चीवर जे पसाभर चिखलाचे झाले ते खाडीकाठी एकरांनी होऊ शकते. तिवरे तोडून बांध घातला आणि भरतीचे पाणी बंद केले की चिखल सुकतो. ड्रेजरने चॅनेल खोल केले की तळचा थर ढवळून वर येतो. उपसलेला गाळ काठावर ढिगाने ठेवला की पहिल्या पावसात त्यातले पाणी पुन्हा खाडीत किंवा शेजारच्या शेतात उतरते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले त्यानंतर गाळ काढण्याची मागणी जोर धरून राहिली, आणि ती रास्तच आहे. बहिणीच्या दिराच्या दुकानात त्या दिवशी छतापर्यंत पाणी होते, त्यामुळे गाळ काढू नका असे सांगायची माझी छाती नाही. परंतु पुलाच्या वरच्या अंगाला साठलेले दगडगोटे आणि वाळू, आणि सांडपाण्याच्या तोंडाखालचा खाडीचा चिकण चिखल, या दोन्हींना सरकारी कागदावर ‘गाळ’ हा एकच शब्द आहे. पहिला निर्धास्तपणे उचलावा. दुसरा उचलण्याआधी तो तपासावा, आणि कुठे टाकणार हे ठरवल्याशिवाय त्याला हात लावू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

जपानमधल्या मिनामाटाचे नाव आपण पाऱ्याच्या विषबाधेसाठी ऐकतो. तो आजार अधिकृतपणे १९५६ मध्ये नोंदला गेला आणि कारखान्याने पारा सोडणे १९६८ मध्ये थांबवले, इथवर पुष्कळांना ठाऊक असते. त्यापुढचा भाग कमी सांगितला जातो. नळ बंद झाल्यावरही उपसागराच्या तळाशी पारा होताच, म्हणून २५ पीपीएमपेक्षा (किलोमागे २५ मिलिग्रॅमपेक्षा) जास्त पारा असलेला गाळ बाजूला काढून, बंदिस्त करून, त्यावर भराव घालण्याचे काम १९७७ ते १९९० असे चालले आणि ५८ हेक्टर जमीन त्यातून तयार झाली. तेरा वर्षे लागली ती चिखलाला, पाण्याला नव्हे. आपली खाडी म्हणजे मिनामाटा आहे असे मी अजिबात सुचवत नाही. तसे म्हणायला आधार नाही. पण पाऱ्याबद्दल एक गोष्ट सर्वत्र सारखी आहे: जे जिवाणू सल्फेटचे सल्फाइड करतात त्यांच्यातलेच काही पाऱ्याचे मिथिल पारा करतात आणि तो माशाच्या मांसात साठत वर चढतो. म्हणजे बाकीच्या धातूंना जो चिखल बांधून ठेवतो तोच पाऱ्याला जास्त घातक रूप देऊ शकतो. भारताने पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाटा करारावर २०१४ मध्ये सही केली आणि २०१८ मध्ये तो मान्य केला, त्याअर्थी हा विषय आपल्याकडे कागदावर तरी परका नाही.

कायद्याने कांदळवनाला चांगले संरक्षण दिले आहे, हेही नमूद केले पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभरातील खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली, २०१८ च्या निकालात ती पक्की केली आणि भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. ठाणे खाडी २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार महाराष्ट्रात सुमारे ३१५ चौरस किलोमीटर खारफुटी आहे. परंतु हा आकडा उपग्रहाला वरून दिसणाऱ्या हिरव्या रंगाचा आहे. झाड उभे आहे की नाही हे तो सांगतो, झाड कशात उभे आहे हे सांगत नाही, आणि तिवर इतके चिवट आहे की गलिच्छ चिखलातही ते टवटवीत दिसते. ठाणे खाडीच्या गाळाचा अभ्यास मुंबईच्या जवळिकीमुळे पुष्कळ झाला. बाणकोट-दाभोळच्या वाट्याला तेवढे लक्ष आलेले नाही.

कारखानदारांवर सगळे ढकलून मोकळे होणेही मला पटत नाही. होड्यांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले बसू नयेत म्हणून जो रंग लावतात त्यात तांबे असते. आंब्याच्या आणि सुपारीच्या बागांत ताम्रयुक्त बुरशीनाशके फवारतात. तासगावच्या द्राक्षवाल्याला मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाबद्दल वेगळे सांगायला नको. टायरच्या झिजेतून जस्त, स्फुरदयुक्त खतातून थोडे कॅडमियम, भंगारात फोडलेल्या बॅटऱ्यांमधून शिसे येते. शिशाचे पेट्रोल तर देशभर २००० सालापर्यंत विकले जात होते. नेमके म्हणूनच नुसत्या वरच्या थराचा एक नमुना पुरत नाही. चिखलात उभी नळी ठोकून मीटरभर लांबीचा गाभा काढावा लागतो, त्याचे दोन-दोन सेंटिमीटरचे काप करावे लागतात आणि शिसे-२१० या किरणोत्सारी रूपाच्या क्षयावरून, ज्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे आहे, प्रत्येक काप साधारण कोणत्या काळातला हे ठरवता येते. मग औद्योगिक वसाहत येण्यापूर्वीचा चिखल आणि नंतरचा चिखल एकाच नळीत, एकाखाली एक मिळतात. अमेरिकेच्या किंवा शेलच्या आकड्यांची गरजच उरत नाही. खाडी स्वतःच स्वतःचा पूर्वीचा आकडा सांगते. दोन्ही बाजूंचे वकील गप्प बसतील असा याहून चांगला साक्षीदार माझ्या माहितीत नाही.

खाण्याबद्दल घबराट पसरवण्याची माझी इच्छा नाही. कराडच्या बाजारातून सुकट आणि बोंबील आमच्या घरी आजही येतात, आणि खोल समुद्रातल्या माशाचा या चिखलाशी संबंध थोडा. प्रश्न आहे तो तळाशी राहणाऱ्या, चिखल गाळून खाणाऱ्या जिवांचा आणि ते रोज खाणाऱ्या माणसांचा. कालवे (खडकाला चिकटून राहणारे शिंपले) तांबे आणि जस्त अंगात साठवण्यात फार पटाईत असतात. मुळे, तिसऱ्या आणि चिंबोऱ्या बाजारात कमी आणि खाडीकाठच्या चुलीवर जास्त जातात, आणि त्या काढणाऱ्या बहुतेक बायका असतात, ज्यांचे नाव मच्छीमार संस्थेच्या सभासद यादीत क्वचितच असते. त्यामुळे नुकसानभरपाईच्या चर्चेतही त्या नसतात. अन्न सुरक्षा नियमांत मासे आणि शिंपल्यांमधल्या शिसे, कॅडमियम, पारा यांच्या मर्यादा दिलेल्या आहेत. निर्यातीच्या कोळंबीला अशा मर्यादा लावल्या जातात. बहिणीच्या टोपलीतल्या तिसऱ्यांनाही कोणी एकदा लावून पाहाव्यात.

प्रदूषण नियंत्रण मंडळाने खाडीच्या ठरावीक जागांवर वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, पाण्याबरोबर गाळाचाही नमुना घ्यावा. ६३ मायक्रॉनच्या चाळणीखालचा बारीक अंश वेगळा तपासावा, कारण वाळू मिसळली की आकडा आपोआप खाली येतो. एकूण आणि सहज सुटणारा असे दोन्ही धातू मोजावेत. आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावा. खाडीतील गाळ काढण्याच्या कोणत्याही निविदेला हा अहवाल जोडल्याशिवाय मंजुरी देऊ नये. यातले काहीच अशक्य कोटीतले नाही. आमच्या जिल्ह्यांत अभियांत्रिकी आणि विज्ञानाची महाविद्यालये आहेत, कोल्हापूरला विद्यापीठ आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, आणि पदव्युत्तर प्रकल्पांसाठी विषय मिळत नाही म्हणून तेच ते विहिरीच्या पाण्याचे प्रकल्प दरवर्षी करणारे विद्यार्थी मी स्वतः पाहिले आहेत.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. पुढच्या वेळी ‘पाण्याचे नमुने घेतले’ असे वार्ताहराने लिहून पाठवले, तर गाळाचा घेतला का, एवढे त्याला अधिकाऱ्यांना विचारायला सांगावे. आणि एखाद्या महाविद्यालयाला गाभा काढून हवा असेल तर माझी तयारी आहे. चार इंची पीव्हीसी नळी, दोन टोपणे आणि एक लाकडी हातोडा मी घेऊन ठेवला आहे. नळी उभीच ठेवून, आतली हवा काढून, टोपण लावून घाट चढवायची आहे, हे बहिणीच्या मुलाला सांगून झाले आहे. चांगली मोठी ओहोटी कोणत्या तिथीला लागते ते बहीण कळवणार आहे.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक
कराड, जि. सातारा